कूलंटच्या थेंबांचा रोजमेळ

पाण्याने थंड होणारी मोटारसायकल व्यापाऱ्याच्या अंगणात येऊन फार काळ लोटलेला नाही. २००८ साली यामाहाची आर-१५ आली, २०१२ साली केटीएमची ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर २०० एनएस आली, आणि ज्या घरांत तोवर हवेवर थंड होणाऱ्या गाडीखेरीज दुसरे काही ठाऊक नव्हते, त्या घरांतील मुलांच्या तोंडी रेडिएटर आणि कूलंट हे शब्द रुळले. जुन्या गाडीत गळण्यासारखे असे ते पेट्रोल आणि तेल. नव्या गाडीत मात्र इंजिनाभोवती सुमारे लिटरभर द्रव सतत फिरत असतो, आणि द्रव, रबराची नळी व दाब ही तिन्ही जिथे एकत्र आली, तिथे आज ना उद्या गळती उद्भवायचीच.

फुटलेली नळी किंवा खडा लागून भोक पडलेला रेडिएटर कोणाच्याही नजरेस पडतो. माणसाची परीक्षा पाहते ती बारीक, चिवट गळती. तिची पहिली अडचण अशी की थेंब जिथे पडतो तिथे त्याचा उगम नसतो. रेडिएटर पुढच्या चाकामागे असतो. तिथून निसटलेला थेंब धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे इंजिनावर फेकला जातो. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडला तर त्याची वाफ होते आणि मागे नुसता गोडसर वास उरतो. गाडी उभी असताना तो एखाद्या वायरीच्या वा इंजिनाच्या कडेने ओघळतो आणि सर्वांत खालच्या टोकावरून टपकतो. पाहणारा त्या टोकालाच दोषी ठरवून मोकळा होतो.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात हा घोळ सलग तीन महिने चालला. धाकटा मुलगा दोनशे सीसीच्या गाडीवरून बाजाराची गावे करी. वसुली आणि मालाची पाहणी दोन्ही त्याच्याकडे. दिवाळीच्या सुमारास गाडीखालच्या शहाबादी फरशीवर हिरवट डाग दिसू लागला. रोज थोडेसेच, परंतु बाटलीतील पातळी आठवड्यागणिक बोटभर खाली जाई.

गॅरेजमधील मिस्त्रीने गाडी आडवी-तिडवी पाहिली आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूचे एक बारीक छिद्र ओले असल्याचे दाखवले. हे छिद्र समजून घेण्यासारखे आहे. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. एक कूलंटला अडवते, दुसरे इंजिनाच्या तेलाला. या दोहोंच्या मधल्या जागेतून बाहेर निघणारे छिद्र निर्मात्याने मुद्दाम ठेवलेले असते. कूलंटचे सील झिजले तर द्रव तेलात न मिसळता या वाटेने बाहेर पडावा आणि मालकाला वेळीच सूचना मिळावी, हा त्याचा हेतू. काही ठिकाणी हे छिद्र लांबी भरून बुजवले जाते. तसे केल्यास गळती दिसेनाशी होते आणि कूलंट आत तेलात शिरते. तेल दुधाळ होते, बेअरिंग खराब होतात आणि शंभर रुपयांच्या सीलची गोष्ट पूर्ण इंजिनावर बेतते. या मिस्त्रीने, सुदैवाने, छिद्र बुजवले नाही. त्याने सील बदलले. चार दिवसांनी फरशी पुन्हा ओली झाली.

दुसऱ्या खेपेला नळ्या, त्यांच्या क्लिपा आणि रेडिएटरचे झाकण बदलले गेले. झाकणावर संशय घेणे रास्त होते, कारण ते साधे बूच नसते. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते; झाकणातील झडप आत सुमारे १.१ बार दाब टिकवते, त्यामुळे तो बिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. इंजिन तापले की फुगलेला द्रव या झडपेतून बाजूच्या बाटलीत जातो आणि निवल्यावर दुसऱ्या, उलट्या झडपेतून रेडिएटरमध्ये परत खेचला जातो. रबर कडक झालेल्या झाकणातून द्रव बाहेर जातो तो परतत नाही. परंतु नवे झाकण लावूनही डाग कायम राहिला.

तिसऱ्या खेपेला मिस्त्रीने जुना रामबाण उपाय सुचवला, रेडिएटरमध्ये चमचाभर हळद. ट्रकचालकांमध्ये ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हळदीचे कण फुगून भेगेत बसतात आणि पुढचा मुक्काम गाठता येतो. हळदीच्या पेढीवर हळद विकत घेण्याची गरज नव्हती. चार दिवस फरशी कोरडी राहिली, आप्पांनी आपल्या मालाची थोडी स्तुतीही केली. पाचव्या दिवशी थेंब परत आला आणि त्याच्या जोडीला नवे दुखणे: इंजिन लवकर तापू लागले आणि पंखा थांबेना. ट्रकच्या रेडिएटरच्या वाटा रुंद असतात, मोटारसायकलच्या केसासारख्या अरुंद. हळदीने भेग शोधली नव्हती, रेडिएटर मात्र तुंबवला होता. नवा रेडिएटर आला. तिन्ही खेपांचा मिळून खर्च नऊ हजारांवर गेला आणि घरात असे ठरले की थोडे गळते तर गळू दे, आठवड्याला बाटलीत ओतत राहावे. व्यवहाराच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. आठवड्याचे कूलंट ते किती रुपयांचे?

हिशेब फिरला तो आजींमुळे. त्या रोज पहाटे मंदिरात जाण्यापूर्वी दारच्या कुत्रीला भाकरी घालत. थंडीमुळे कुत्री आपली तीन पिले घेऊन रात्री गाडीखाली निजे, कारण इंजिन उशिरापर्यंत ऊबदार असते. मार्गशीर्षात त्यांतले एक पिलू दोन दिवस अडखळत चालले आणि मेले. थंडीने गेले, असे सर्वांनी धरले. पौषात एका पहाटे आजींनी दुसऱ्या पिलाला फरशीवरचे हिरवे पाणी चाटताना पाहिले. तासाभरात ते झोकांड्या खाऊ लागले, तेव्हा आजींनी नातवाला उठवले आणि पिलू टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवले.

डॉक्टरांनी विचारले, "काय चाटत होतं हे, पाहिलंत का?" मुलाने सांगितले, आणि पुढची पंधरा मिनिटे त्याने जे ऐकले ते गॅरेजमध्ये त्याला कोणी सांगितले नव्हते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. ते स्वतः फार घातक नव्हे. यकृत त्याचे रूपांतर करत करत शेवटी ऑक्झॅलिक आम्ल बनवते, ते रक्तातील कॅल्शियमशी जुळून त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंडे बंद पडतात. दोन किलोच्या पिलाला चार चहाचे चमचे मिश्रण प्राणघातक ठरू शकते, मांजराला दोन चमचेही पुरतात. फसवे असे की पहिली झिंग ओसरल्यावर जनावर काही काळ बरे झाल्यासारखे दिसते, आणि उतारा मात्र त्यापूर्वीच्या पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो. हे पिलू वेळेत आले होते, ते वाचले. आधीच्या पिलाच्या मृत्यूचे कारण आता खात्रीने सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले. आजींनी त्यावर काही विचारले नाही. त्या दिवशी त्यांनी एकासन केले आणि गाडी फरशीवर उभी करायची नाही, एवढेच सांगितले.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रमादचर्या आहे: निष्कारण माती उकरणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे. तिथे कोणाच्या मनात हिंसेचा संकल्प नसतो. केवळ बेपर्वाई असते. पाच समितींतील उत्सर्ग समिती तर टाकाऊ वस्तू कुठे व कशी टाकावी याचीच काळजी घेते. ती मुनींसाठी सांगितलेली खरी. परंतु यंत्रे वापरणाऱ्या श्रावकाच्या अंगणात ती मुनींच्या वाटेपेक्षा अधिक वेळा उपयोगी पडेल. गळतीखाली थाळी ठेवणे हा सर्वांना सुचणारा उपाय या दृष्टीने सर्वांत वाईट, कारण फरशीवर पसरून सुकणारा द्रव थाळीत साचून राहतो आणि मांजरासाठी जणू वाढून ठेवला जातो.

गाडी गोदामाच्या बंद खोलीत गेली आणि तपासाचे काम पेढीवरच्या दिवाणजींकडे आले. त्यांना इंजिनाचे काही कळत नव्हते. परंतु चाळीस वर्षे रोजमेळ लिहिलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: तूट कोणत्या दिवशी पडते हे कळल्याखेरीज ती कुठे पडते हे कळत नाही. "दादा, तीन मिस्त्र्यांनी सामान बदललं," ते मुलाला म्हणाले, "रोज किती जातंय ते कोणी लिहिलं का?" पाडव्याच्या पूजेतून उरलेल्या एका कोऱ्या वहीत त्यांनी रकाने आखले: तिथी, धावलेले किलोमीटर, भरलेले कूलंट, कागदावरचे थेंब.

पद्धत साधी होती. गाडीखाली रोज रात्री वर्तमानपत्राचा कोरा कागद पसरायचा आणि गाडीची सीमारेषा पेन्सिलीने त्यावर आखायची, म्हणजे थेंब कोणत्या भागाखाली पडला ते कळते. सकाळी, इंजिन पूर्ण निवलेले असताना, बाटलीतील द्रव वरच्या खुणेपर्यंत औषधाच्या दुकानातून आणलेल्या १० मिलीच्या सिरिंजने भरायचा आणि किती मिली लागले ते लिहायचे. पहिल्या आठवड्याचे आकडे वेडेवाकडे आले. एक दिवस ३० मिली, दुसऱ्या दिवशी शून्य. कारण मुलगा कधी गाडी बाजूच्या स्टँडवर कललेली असताना पाही, कधी सरळ उभी करून. बाटलीवरची खूण गाडी सरळ असतानाच खरी असते. दिवाणजींनी तो आठवडा फाडला नाही. त्यावर आडवी रेघ मारून पुढे लिहिले.

पुढील तीन आठवड्यांत जे दिसले त्याने सर्वांना चकित केले. तासगावच्या बाजाराला जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर झाले त्या दिवशीही तूट १२ मिलीच आणि गावातल्या गावात सहा किलोमीटर फिरल्या दिवशीही तेवढीच. म्हणजे गळती धावण्याशी बांधलेली नव्हती. मध्यंतरी आप्पा आणि मुलगा शिखरजीच्या यात्रेला गेले. नऊ दिवस गाडी जागची हलली नाही, तरी दिवाणजींच्या कागदावर रोज सकाळी थेंब होते. रात्री दहाला पाहिलेला कागद कोरडा असे, पहाटे सहाचा ओला. आभाळ आल्यामुळे रात्री ऊबदार गेल्या त्या दोन दिवशी कागद कोराच राहिला.

गळती थंडीत होत होती. यात चमत्कार काही नाही. इंजिन तापते तेव्हा धातू आणि रबर दोन्ही फुगतात, नळी क्लिपेखाली घट्ट दाबली जाते आणि बारीक फट मिटते. निवल्यावर रबर आकसते. पेचाने आवळलेली क्लिप मात्र जेवढी आवळली तेवढीच राहते, आकसलेल्या रबरामागे जात नाही. फट उघडते. आणि इथेच तिन्ही खेपांचे अपयश उलगडले. गॅरेज उघडते सकाळी दहाला, गाडी तिथे चालवत नेली जाते, म्हणजे पोहोचते ती तापलेलीच. मिस्त्री जे पाहत होता ते निरोगी अवस्थेतले इंजिन होते. आजाऱ्याला रात्रीच ताप चढावा आणि वैद्याने त्याला रोज दुपारी तपासावे, तसा हा प्रकार.

मिस्त्रीला पहाटे सहाला गोदामात यायला राजी करणे हे आप्पांचे काम होते. चहा आणि पोह्यांच्या आमिषाने ते साधले. त्याने सांगलीच्या मोटार गॅरेजमधून दाब तपासण्याचा हातपंप आणि लहान रेडिएटरला बसणारे तोंड मागून आणले होते. थंड इंजिनावर झाकण काढून त्या जागी पंप बसवला आणि काट्यावर १.१ बार होईपर्यंत हवा भरली. (तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर उकळता द्रव उडतो, म्हणूनही ही तपासणी थंड गाडीवरच करायची.) काटा मंदगतीने खाली येऊ लागला. कुठे थेंब मात्र दिसेना. तेव्हा मिस्त्रीने इंजिन, नळ्या, पंप सगळे फडक्याने कोरडे पुसले आणि आजींच्या खोलीतील टाल्कम पावडर मलमलीच्या पुरचुंडीतून सर्वत्र फुंकली. पांढऱ्या थरावर ओल लपत नाही. दहा मिनिटांनी सिलिंडरच्या डोक्याजवळ, जिथून कूलंटची वरची नळी निघते तिथे, क्लिपेच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला एक करडी रेघ उमटली. ती इंजिनाच्या अंगावरून तिरकी उतरली, पंपाच्या खोळीला वळसा घालून खाली आली आणि नेमकी त्या सूचना देणाऱ्या छिद्राच्या ओठावर थांबली. पंप पहिल्यापासून निर्दोष होता.

नळी ओढून काढली तेव्हा ॲल्युमिनियमच्या तोंडावर पांढरा खरबरीत थर आणि त्याखाली देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. या खड्डेदार तोंडावर नवी नळी चढवली होती, नवी क्लिप आवळली होती. दोन्हीकडचे सामान बदलले गेले आणि दोष मधल्या जागी तसाच राहिला. मिस्त्री कबूल झाला की नळी बदलताना पांढरी भुकटी दिसली होती, ती त्याने फडक्याने पुसली. भुकटीचे कारण मुलाने सांगितले. दोन उन्हाळ्यांपूर्वी वाटेत पातळी खाली गेल्यामुळे त्याने एका मळ्यातील बोअरचे पाणी भरले होते, आणि ते चालते असे पाहून पुढेही भरत राहिला. कूलंटमध्ये धातूला गंजण्यापासून जपणारी द्रव्ये असतात. साध्या पाण्याने ती विरळ होतात, आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षार रबराखालच्या अंधाऱ्या फटीत ॲल्युमिनियमला खात बसतात. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरची किंमत ती काय! परंतु पेढीवर काटकसरीत वाढलेल्या मुलाला पाण्यासाठी पैसे मोजणे उधळपट्टी वाटली, हे समजण्यासारखे आहे.

दुरुस्ती तासाभराची होती. तोंड बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासून गुळगुळीत केले. ते फार खोल खाल्ले गेले असते तर तो भागच बदलावा लागला असता. इथे तेवढी वेळ आली नव्हती. पेचाच्या क्लिपेऐवजी स्प्रिंगची क्लिप बसवली, जी आकसणाऱ्या रबरामागे स्वतः आकसते. सगळी वाट डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतली. त्यात हळदीचा शेवटचा पिवळेपणाही निघाला. तयार मिसळलेले कूलंट भरले. सामानाचा खर्च सहाशे रुपयांच्या आत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत २० मिली भरावे लागले आणि मुलाचा धीर सुटला. कागद मात्र कोरडा होता. नव्याने द्रव भरल्यावर आत हवेचे बुडबुडे अडकून राहतात; इंजिन तापून निवताना ते एकेक करून बाहेर पडतात आणि त्यांची जागा द्रव घेतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पातळी उतरतेच. तिसऱ्या दिवशी ५ मिली लागले, चौथ्या दिवसापासून शून्य. त्या आठवड्यात माघातली थंडी परतली आणि दोन पहाटे फार गारठ्याच्या गेल्या. तरी कागदावर काही नव्हते. दिवाणजींनी सलग २१ दिवस शून्य लिहिले आणि मगच पान मिटवले. आता महिन्यातून एकदा ते पातळी पाहतात.

काढलेले जुने कूलंट आणि धुण्याचे पाणी मिळून तीन लिटरांवर भरले. ते गटारात ओतू दिले गेले नाही. आजींनी झाकणाच्या डब्यावर लाल शाईने "विष" असे लिहून घेतले आणि तो गोदामातील सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. मुलगा पुढच्या खेपेला सांगलीला गेला तेव्हा वापरलेले तेल व कूलंट गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याने तो देऊन टाकला. गोदामाच्या खोलीतील भिजलेले कागदही त्याच पिशवीत होते. पिले आता मोठी झाली आहेत. रात्री ती पुन्हा गाडीखालीच निजतात.